गुरुवारची भट्टी

फॉर्ममध्ये मी आमच्या घरच्या बंबाचा कोळसाही लिहून टाकला.

आमचा कारखाना बिडाच्या ओतकामाचा. अक्कलकोट रोडला शेड, मागच्या अंगाला वडिलांनी उभारलेली कोळशाची उभी भट्टी. आमचे पंपाचे भाग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला जातात. देशानं जगाला शब्द दिला की कार्बन कमी करू, कंपनीनं देशाला दिला, आणि आम्हाला फॉर्म आला: वर्षात किती कोळसा जाळलात ते प्रामाणिकपणे लिहा. नको तिथं प्रामाणिक राहायची मला शाळेपासून खोड. अंघोळीच्या पाण्यासाठी दोन पोती चुरा घरी जातो, तोही वेगळ्या ओळीत लिहिला.

पुढच्या महिन्यात कंपनीची तरुण इंजिनिअर आली. "काका, ही दोन पोती कशाला?"

"अंघोळीला."

ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. ती ओळ तिनं खोडली. मग भट्टीकडे बघत म्हणाली, "हिचं मात्र काहीतरी करावं लागेल, काका. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं नाव माल घ्यायच्या यादीत ठेवता येणार नाही."

तिचं चुकत नव्हतं. धूर वाईट हे मला कुणी सांगायला नको. वडील शेवटची दोन वर्षं नुसते खोकत होते. तरी कारखानदारांच्या बैठकीत मी उठून बोललो, की आधी मोठ्या पोलाद कारखान्यांना विचारा, आमची चिमणी ती केवढी! टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मी विजेच्या भट्टीसाठी बँकेत जाऊन बसलो.

मला घोर होता तो चाचांचा.

चाचा आमचे भट्टीचे मिस्त्री. वडिलांनी त्यांना आणलं तेव्हा मी चड्डीत होतो, म्हणून आज बावन्नाव्या वर्षीही मी त्यांचा 'धाकले मालक'. आमची भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायची, गुरुवारी. बाकीचे दिवस वाळूचे साचे करण्यात जायचे. गुरुवारी वितळलेल्या बिडाची पहिली धार निघेपर्यंत चाचा अन्नाला शिवत नसत, आणि ते जेवत नाहीत म्हणून शेडमधलं कुणीच जेवत नसे. निळ्या काचेतून ते आत बघत. पळीभर रस छोट्या साच्यात ओतून, थंड करून, हातोडीनं तोडत आणि मोडलेली कड माझ्यापुढे धरत. "बोला धाकले मालक, कसं हाय?"

राखाडी दिसली की माल चांगला, पांढरी दिसली की कडक, ठिसूळ. इतक्या वर्षांत मी नेहमी "चांगलं आहे" म्हणालो. निम्म्या वेळा ते म्हणत, "न्हाय," आणि भट्टीकडे वळत.

विजेच्या भट्टीचं त्यांना कसं सांगावं याची मी चार दिवस तयारी केली. चहा मागवला. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "ही वीज येती कुठनं?"

"होटगीकडच्या वीजकेंद्रातनं. कोळशावरच करतात अजून बरीचशी."

"म्हंजे धूर बंद न्हाय झाला. बदली झाली त्याची."

मी सांगितलं, की पुढं उन्हाची वीज येईल, आपणही पत्र्यावर काचा बसवू. "बसवा की," ते म्हणाले. "चांगलंच हाय. पोरांच्या छातीला आराम."

शेवटच्या गुरुवारी ओतकाम संपलं. भट्टी रिकामी करताना तळाच्या दाराचा टेकू ओढतात आणि आतला सगळा निखारा एकदम खाली कोसळतो. तो टेकू ओढायचा हक्क चाचांचा. वडिलांनाही त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी टेकू ओढायचा लोखंडी आकडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी ओढला, निसटला, परत ओढला. शेडभर लाल उजेड झाला.

नवी भट्टी रोज चालते. पडद्यावर रसाचं तापमान, कस सगळं आकड्यात येतं, कड मोडून बघायची गरज उरली नाही. जेवण साडेबाराला, ज्याचं त्यानं. माझा शर्ट संध्याकाळीही पांढराच असतो आणि गुरुवार कधी येऊन जातो ते कळत नाही. चाचांसाठी मी पडद्यासमोर खुर्ची ठेवली, पगार तोच ठेवला. ते एकदाच आले. निळ्या काचेतून बघून त्यांनी तापमानाचा आकडा सांगितला. पडद्यावर जवळपास तोच होता.

"बरोबर हाय की तुमचं मशीन," ते म्हणाले. "मग मी कशाला?"

पुढं तीनदा त्यांच्या घरी गेलो. पोरांना शिकवा म्हणालो. नुसतं येऊन बसा म्हणालो. काल चौथ्यांदा जाऊन शेवटचं विचारलं. त्यांनी माझा हात धरला. हाताची कातडी अजून खरखरीत होती. "बसायचा पगार नको, धाकले मालक. तुमी कवाबी या. मी आता कामाला येणार न्हाय."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सांगताना माझा आवाज बहुतेक जरा हलला असावा, कारण तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चार वेळा त्यांना कामालाच बोलवत होतात होय?" ती म्हणाली. "अहो, जेवायला बोलवा की कधी. चाचींनाही आणा म्हणावं. गुरुवारीच बोलवा, आणि ते आल्याशिवाय तुम्ही ताटावर बसू नका."