माझ्या होकाराची बोट

मी भीमेकाठची, वडगाव रासाईची. पण कमरेच्या वर पाण्यात कधी उतरले नाही. आमच्याकडं मुलगे पोहायचे आणि मुली काठावर धुणं धुवायच्या. पाण्याची भीती मी माहेरूनच घेऊन आले. लग्न होऊन दौंडला आले तर इथं दुसरी भीती तयार होती. नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला; तिथं कधी आग, कधी स्फोट. शिफ्ट सुटून घरी यायला त्यांना अर्धा तास उशीर झाला, की मी शेगडी बंद करून दारात उभी राहायचे. तीस वर्षं हे चाललं. ते रिटायर झाले त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना हार घातले आणि मी मनातल्या मनात हुश्श केलं.

ते हुश्श सहा महिनेही टिकलं नाही. कंपनीतले त्यांचे एक जुने सोबती कोकणात खाडीकाठी घर बांधून राहिलेत. त्यांनी ह्यांना चार दिवस बोलावून घेतलं, कुणाच्या तरी बोटीतून समुद्रात फिरवलं, आणि हे खुळावूनच परत आले. त्या सोबत्यानं आणि ह्यांनी मिळून केबिनवाली मोटारबोट घ्यायची, आम्हा दोघांनी अधूनमधून जाऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं, असा बेत.

"दौंडात राहून बोट? कॅनॉलला बांधणार का?" मी म्हटलं.

ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "तू व्हय म्हणलीस तरच घ्यायची. न्हाईतर विषय बंद."

केवढा समजूतदार नवरा, असं कुणालाही वाटेल. मला त्या वाक्यानं घाम फुटला. न विचारता घेतली असती तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. आता समुद्रात काही बरंवाईट झालं तर ते माझ्या होकारानं होणार होतं. आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, कारण ह्या माणसानं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं.

मग घरात बोटीशिवाय बोलणं नाही. पेट्रोलची बोट नको, हे त्यांनी आल्या आल्या ठरवलं. पेट्रोलची वाफ जड, ती बोटीच्या तळाला साठते, एक ठिणगी पुरे. कुरकुंभात जन्म गेलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या अंगावर काटा आला, ते मात्र खुशीत होते, की बघ, किती विचार करून घेतोय. मी मोबाइलवर तिथलं हवामान बघायचे. सकाळी ऊन, दुपारी ढग, वाऱ्याचा बाण रोज वेगळीकडं. मी दाखवलं की म्हणायचे, "पोहता येतंय की मला. विहिरीत शिकलोय."

"विहिरीला काठ असतो," मी म्हणायचे.

दिवाळीनंतर आम्ही कोकणात बोटी बघायला गेलो. पहिली पांढरीशुभ्र, टोकदार, आत सोफा आणि चहाचा ओटासुद्धा. ह्यांचे डोळे तिच्यावरून हलेनात. मालक चाळिशीचा, गोड बोलणारा. आम्ही तिघंच निघालो. खाडीत पाणी ताटातल्यासारखं स्थिर होतं. मी लाइफ जॅकेटचे पट्टे तीनदा तपासले. खाडीच्या तोंडाशी आलो आणि वारा फिरला. कुठून ढग आले कळलंच नाही. बोट उचलून आपटायला लागली. तेवढ्यात हे पुढं नांगर बघायला निघाले. कडेची वाट जेमतेम वीतभर, धरायला काही नाही.

"हे पडले तर?" मी ओरडले.

"काकू, पडतील कशाला?" मालक हसला.

ते पडले नाहीत. त्यांची टोपी उडाली. निळी टोपी लाटांवर वरखाली होत लांब जायला लागली, आणि मला त्या टोपीखाली त्यांचं डोकं दिसलं. हे परत येऊन बसले तशी मी मालकाला म्हटलं, "स्टिअरिंग माझ्याकडं द्या. मला टोपीपाशी जायचंय."

मी आयुष्यात स्कूटीपलीकडं काही चालवलेलं नाही. मालक माझ्या बाजूला उभा राहून सांगत होता, मी वळवत होते. पहिल्या खेपेला टोपी दिसेनाशीच झाली. दुसऱ्यांदा वाऱ्यानं बोट पलीकडं ढकलली. तिसऱ्यांदा मी थेट तिच्यावरूनच जाणार होते. "न्यूट्रल! खाली पंखा फिरतोय!" मालक आता हसत नव्हता. चौथ्या खेपेला टोपी अगदी कडेला आली. बोट न्यूट्रलला टाकून मी ओणवी झाले, खांद्यापर्यंत हात खाली सोडला. बोटीची कड एवढी उंच, की बोटं पाण्याला लागेनात. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला.

"बसा खाली," मी किंचाळले. "तुम्ही पाण्यात आहात!"

ते बसले. टोपी भिजून जड झाली होती. ती माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली. मी लहान मुलीसारखी रडले.

"टोपीच हाय ती," हे म्हणाले. पण जेट्टीला लागल्यावर मालकाला त्यांनीच नाही म्हणून सांगितलं.

दुसरी बोट दुसऱ्या दिवशी बघितली. दिसायला रोडरोलर. मासेमारीच्या बोटीवर केबिन चढवावी तशी, एक डिझेल इंजिन, चाल बैलगाडीची. पण कडेची वाट रुंद, तिला कमरेएवढं रेलिंग, मागं पाण्यालगत फळी आणि शिडी. वारा होताच. मी एक लाइफ जॅकेट पाण्यात टाकायला लावलं. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा न्यूट्रलला टाकून मागच्या फळीवर गुडघे टेकले, एका हातानं शिडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं ते ओढून वर घेतलं. मी ते छातीशी धरून बसले.

हे मागं येऊन माझ्याशेजारी बसले.

"घ्या ही," मी म्हटलं.

ते पोरासारखे हसले. मला हसू आलं नाही. लाइफ जॅकेट हलकं असतं. हे पंचाहत्तर किलोचे आहेत, आणि कधी पडलेच तर बोटीत मी एकटीच असणार आहे.