खालच्या ओमांचा भोपळा

३० सप्टेंबर २००६, शनिवार. जिना पुसायची पाळी आमची होती. जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या इमारतीत ही पाळी कुणी चुकवत नाही, मीही कधी चुकवली नाही. सोमवारी दसरा होता. म्हणून एकीकडे बादली, एकीकडे घारग्यांची तयारी, आणि मान वाकडी करून कानाशी धरलेल्या फोनवर पुण्याहून सासूबाई. "गूळ बारीक किसून घे गं. मागच्या वेळी खडे राहिले होते."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या ओमा वर आल्या. माझी सात वर्षांची मुलगी त्यांना ओमा, म्हणजे आजी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. रुळांपलीकडे त्यांच्याकडे बागेचा एक तुकडा होता आणि जूनपासून त्या आमच्या दाराशी झुकिनी ठेवत. मी हसून आभार मानायची, आणि निम्म्या झुकिनी अंगणातल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून वर जुना पेपर पसरायची. रोज रोज कोण खाणार?

त्या दिवशी त्यांच्या हातात पेपरात गुंडाळलेला भोपळा होता. त्या काहीतरी बोलल्या. "जा, गेनाऊ, डांके," मी म्हणाले. हो, बरोबर, आभार. काय बरोबर, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना आत या म्हणाले नाही. जिना ओला होता. दहा मिनिटांत भोपळा चिरून, किसून गुळाबरोबर शिजत ठेवला. सालं, बिया, गाभा सगळं डब्यात टाकून आले. माझं काम असंच झटपट असतं.

संध्याकाळी मुलीला विळीखाली चिकटलेला सालीचा एक तुकडा सापडला. त्यावर खरवडल्यासारखी, खपली धरलेली अक्षरं होती. तिच्या नावातली शेवटची दोन.

"आई, हा माझा भोपळा आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ओमांनी जुलैमध्ये त्यावर खिळ्याने माझं नाव लिहिलं. तेव्हा तो एवढासा होता. तो मी उद्या घेऊन जाणार होते."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"ओमा सांगणार होत्या. सांगितलं नाही?"

सांगितलं असणार.

नवरा घारग्याचा तुकडा मोडत म्हणाला, "खंडेनवमी उद्या आहे. तू आजच बळी देऊन मोकळी झालीस." मुलीने घारग्याला हातही लावला नाही.

रविवारी एर्न्टेडांक होता, सुगीचे आभार मानायचा दिवस. चर्चमध्ये वेदीपुढे ओंब्यांचा मुकुट, कोबी, बटाटे, द्राक्षं, पाव असं सगळं मांडतात आणि मुलं आपापल्या टोपल्या घेऊन रांगेने जातात. आपल्याकडे नवं धान्य आधी देवापुढे ठेवतात, तसंच. आम्ही चर्चचे नव्हतो, पण मुलीचा वर्ग गाणार होता. तिच्या टोपलीत मी दुकानातली सफरचंदं भरली. ओमा दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सफरचंदं पाहिली आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलंच. "भोपळा कुठे?"

"घरी," मी म्हणाले. "इतका सुंदर होता, ठेवूनच घेतला."

त्यांचा चेहरा उजळला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ते बरंच वाईट होतं.

"ठेवा, ठेवा," ओमा म्हणाल्या. "पण कापाल तेव्हा बिया मला द्या. यंदा गोगलगायींनी बाकीचे वेल खाल्ले, एवढा एकच राहिला."

त्या बियांची गोष्ट त्यांनी मला पूर्वीच सांगितली होती. युद्धानंतर त्यांच्या आईला गाव सोडावं लागलं तेव्हा तिने त्या रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या. नव्या गावातल्या पहिल्या एर्न्टेडांकला वेदीवर ठेवायला घरात त्या बियांचा एकच भोपळा होता, तोच ठेवला. दर वर्षी त्याच बिया पुढे. हे मी भांडी पुसता पुसता ऐकलं होतं, जा, गेनाऊ करत.

बिया खाली डब्यात होत्या. दुपारभर ऊन होतं आणि अंगणात शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. त्यांच्यासमोर कचरा उपसायचं माझं धाडस झालं नाही. अंधार पडल्यावर जाईन म्हटलं, आणि तेव्हाही गेले नाही. कचऱ्याची गाडी सोमवारी सकाळी सातला येते.

सोमवारी सहाला उठले. हातमोजे घातले, चाळणी घेतली, डबा आडवा करून पेपरावर ओतला. बिया चिकट गाभ्यात अडकल्या होत्या. एकेक वेचत होते. त्यांच्यासोबत माझ्या चार झुकिनी बाहेर आल्या, न चिरलेल्या, टवटवीत.

"गुटेन मॉर्गन," मागून आवाज आला. ओमा पाव आणायला निघाल्या होत्या. त्यांनी चाळणीकडे पाहिलं, मग झुकिनींकडे.

"शनिवारीच चिरला," मी म्हणाले. "काल खोटं बोलले. आणि झुकिनी जूनपासून टाकतेय."



"झुकिनीचं मला माहीत होतं," ओमा म्हणाल्या. "पेपर माझाच असायचा. मीच तुम्हाला वाचायला देते." आणि पावाची पिशवी हातात घेऊन निघून गेल्या.

गाडीचा आवाज यायच्या आत मी बाकीचा कचरा डब्यात भरला, फरशी धुतली. वर येऊन बिया तीनदा धुतल्या, फडक्यावर पसरल्या. मग मुलीला उठवलं आणि दोघी मिळून त्या खाली ओमांकडे घेऊन गेलो.