गादीवाल्या चाचांचा खुबा

"बरं हाय, वहिनी. तुमचं कसं?" असं म्हणताना गादीवाले चाचा एक हात खुब्यावर ठेवायचे आणि दुसऱ्यानं सलाम करायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. घर जळत असलं तरी आधी म्हणेल, बसा, चहा घ्या.

लोणावळ्यात माझं छोटंसं लॉज आहे. पावसाळ्यात गाद्या ओल धरतात, म्हणून पाऊस सरला की दरवर्षी चाचा तळेगावजवळच्या इंदुरीहून यायचे आणि गच्चीवर बसून कापूस पिंजून गाद्या पुन्हा भरून द्यायचे. एखादी फारच खचलेली निघाली की मला हाक मारायचे. "वहिनी, ही गादी हाय का तमाशाचा फड? लय नाचल्यात हिच्यावर!"

त्यांचा खुबा बदललेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी टेम्पोतून पडले, तेव्हा एका ट्रस्टनं फुकट ऑपरेशन करून दिलं. जमिनीवर मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता गादी काय उभ्यानं शिवायची? चाचा बसले, शिवत राहिले. अलीकडे उठताना खुब्यात कट्‌कन आवाज यायला लागला. ऐकून आपल्यालाच कसंतरी व्हायचं.

विमाबिमा काही नव्हता. मी म्हटलं, चला, मी येते बरोबर. तेव्हापासून माझ्या डोक्याचा जो भुगा झालाय, तो अजून तसाच आहे. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले तळेगावला जा, तळेगावचे म्हणाले पुण्याला. पुण्यात विचारलं, पहिलं ऑपरेशन कुठं झालं? तिथं गेलो, तर तो विभागच बंद. सरकारी योजनेच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "नवा खुबा बसवायला मदत मिळते. जुना काढून बसवायचा असेल तर विचारावं लागेल."

"अहो, जुना काढल्याशिवाय नवा बसवणार कुठं? डोक्यावर?" मी ओरडलेच. चाचा मात्र तिला विचारत होते, "ताई, जेवलात का?"

शेवटी एका धर्मादाय रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात चाचांना आत बोलावलं. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि काठीही तिथंच ठेवली. मोठ्या माणसापुढं काठी टेकत जायचं नाही, ही त्यांची रीत. ओठ दाबून सरळ चालत गेले. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? "बरं हाय. तुमचं कसं?" डॉक्टर म्हणाले, चालताय की छान, सहा महिन्यांनी या!

दारावरच्या शिपायानं हे सगळं सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. "चाचा, अहो दुखतंय म्हणून सांगायचं ना!"

"पयल्या भेटीतच रडगानं कसं गायाचं, वहिनी? बरं दिसत न्हाई."

हाताला धरून परत आत नेलं. डॉक्टरांनी पाय जरासा फिरवला आणि चाचा असे किंचाळले की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं दुखत होतं, आणि हा माणूस माझ्या गाद्या शिवत होता! डॉक्टर म्हणाले, खुबा सैल झालाय, लवकर बदलला नाही तर कायमचं अंथरूण धरतील. गरिबांसाठीची राखीव खाट रिकामी झाली की फोन करू. चाचांचा फोन बहुतेक बंदच असतो, म्हणून मी माझा नंबर दिला.

काल तो फोन आला. उद्या सकाळी दाखल करा, म्हणाले. चाचांचा फोन बंद. तशीच इंदुरीला गेले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीनं न्हेलं जीपमदनं. उटताच येत नव्हतं." समोरचा दुकानदार म्हणतो, कुठल्याशा फुकट शिबिराला गेलेत. लेकीचं गाव विचारलं, तर एक जुन्नरकडं हात करतो, दुसरा खेडच्या पलीकडं. कुणाचं खरं मानायचं? तुमच्यापैकी कुणाला दिसले, तर आधी त्यांना बसवा आणि मला कळवा.

आज सकाळी रुग्णालयातून पुन्हा फोन. "पेशंट निघाले का?"

"निघालेत," मी म्हटलं. "घोरावाडी स्टेशनवर लोकलमध्ये बसले असतील. खाट दुसऱ्या कुणाला देऊ नका."