प्रवरेकाठचं चव्वेचाळीस नंबरचं घर

सुट्टी काढून लोक समुद्र बघायला जातात. मी संगमनेरला मोजणीची टेप धरायला गेले. माझी मैत्रीण मीनल तिथे प्रवरेकाठच्या वस्तीचा नकाशा करते, तिला दोन दिवस जादा माणूस हवा होता. पुण्याच्या शिवाजीनगरहून एसटी, आळेफाट्याला वडापाव आणि दुपारपर्यंत संगमनेर. स्टँडजवळ आठशेत लॉज मिळतो, पण खोली रस्त्याकडची घेऊ नका.

काम सकाळी सातलाच सुरू, कारण उन्हं चढली की पत्रे तापतात. बोळ इतके अरुंद, की समोरून हंडा घेऊन कुणी आलं की आपण जवळच्या घरात शिरायचं. आणि शिरलो की चहा आलाच! पद्धत सोपी होती. दार दिसलं की खडूने नंबर टाकायचा, लांबी-रुंदी घ्यायची, कागदावर चौकोन काढायचा. सरकारी योजनेत कुणाला पक्कं घर मिळणार, ती यादी याच कागदावरून होणार होती. चुकून चालणार नव्हतं, आणि मी पहिल्याच दिवशी चुकले.

बोळाच्या टोकापर्यंत नंबर टाकून परत येत होते, तर त्रेचाळीसच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. शोभाताई, घरमालकाची विधवा भावजय.

"ताई, माझं घर ऱ्हायलं की."

"दार एकच आहे ना?"

"दार एक हाय, चुली दोन हायेत. तीन वर्सं झाली, मी वायली शिजवते."

आत पत्र्याच्या आडोशामागे त्यांची शेगडी, भांडी, खाट. मला फार लाज वाटली. घाईघाईत 'त्रेचाळीस अ' लिहायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"अ नको. दिराच्या नंबराला शेपूट व्हऊन न्हाई ऱ्हायचं मला."

मीनलने कपाळाला हात लावला, पण ऐकलं. पुढचे सगळे नंबर पुसून नव्याने टाकले. पन्नास नंबरचे आजोबा एक्कावन्न व्हायला तयार होईनात. "पन्नास कसा गोल हुता," म्हणाले. त्यांची समजूत काढण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली.

पुण्यात परतल्यावर सोसायटीतली बंद दारं बघून आत चुली किती असतील, असं उगाच मनात येऊ लागलं. आठवड्याने मीनलचा फोन आला. तपासणीला आलेले साहेब चव्वेचाळीसवर फुली मारणार होते: घराला स्वतःचं दार नाही. शोभाताईंनी एक दिवस मागून घेतला होता.

पाठोपाठ फोटोही आला. नदीकडचा पत्रा कापून दार काढलेलं, कडा अजून वाकड्यातिकड्या. दारात पदर खोचून शोभाताई उभ्या, आणि वर खडूने मोठ्ठा चव्वेचाळीस. सोबत त्यांच्याच आवाजातला निरोप होता:

"ताई, आता लावा टेप."