थेंबबाईचं तळं

खाणीवर तिला सगळे थेंबबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं.

नदीकाठच्या त्या खाणीतून खडी निघायची. खणता खणता जमिनीखालचं पाणी उघडं पडलं आणि तिथं मोठं तळं झालं. उन्हानं त्यातलं किती उडालं, धुतलेल्या खडीबरोबर ट्रकमधून किती गेलं, धूळ बसवायला किती शिंपडलं, याचा दर महिन्याला अंदाज काढणं हे बाईचं काम. तेवढंच पाणी खाणीनं वरच्या धरणातल्या आपल्या वाट्यातून नदीत सोडायचं, म्हणजे खालच्या विहिरींना झळ लागणार नाही, अशी परवान्याची अटच होती.

बाई मुळातच उतावळी, खडीत किती पाणी राहतं ते स्वतः पाहिल्याशिवाय तिला दम निघायचा नाही. ओल्या खडीचा डबा घरी आणायची, वजन करायची, जुन्या तव्यावर खडी कोरडी होईस्तोवर परतायची आणि पुन्हा वजन करायची. नवरा शिंपी, मशीनवरून उठून डोकावायचा आणि विचारायचा, "मीठ घातलंस का गं?"

नदीच्या खालच्या अंगाला तिच्या थोरल्या भावाची रोपवाटिका होती. एका सकाळी तो दारात उभा राहिला, हातात विहिरीचा ओला दोर.

"दोन हात जास्त दोर सोडावा लागतोय. तुमची खाण पाणी पितेय."

"दादा, पितेय तेवढं आम्ही परत सोडतो. माझा आकडा बरोबर आहे."

"मग माझी विहीर खोटं बोलते का?"

चहालाही न थांबता तो निघून गेला.

त्यानंतर बाईला चैन पडेना. दुपारचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. ट्रकांच्या नोंदी तपासल्या, बरोबर. खडीतला ओलावा तपासला, तोही बरोबर. रोज पाणी किती उडतं ते मोजायचं पसरट भांडं घासूनपुसून पाहिलं, त्यातही खोट नाही. तिसऱ्या दिवशी ती तळ्याच्या काठानं चालत निघाली. पूर्वेच्या बाजूला आली आणि जागच्या जागी थबकली. तळ्याची हद्द दाखवणाऱ्या जुन्या लोखंडी खुंट्या काठावर नव्हत्या. काठापासून पार आत, पाण्यातून डोकी वर काढून उभ्या होत्या.

खोदकाम तिकडे सरकलं होतं. तळं वाढलं होतं. आणि उडालेल्या पाण्याचा हिशोब करताना बाई बावीस महिने तळ्याचा तोच जुना तीन हेक्टरचा आकडा धरत होती. पावलांनी मोजून पाहिलं तर चार हेक्टरच्या आसपास भरलं. आजच्या घडीला महिन्याला हिशोबाबाहेरचं शंभरेक टँकर पाणी नुसतं हवेत जात होतं, आणि ते कुणीच परत सोडत नव्हतं.

"कुणी विचारलंय का तुला?" नवऱ्यानं सुईत दोरा ओवत विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग मी विचारतेय ना!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तोही दचकला.

मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "भावाची विहीर आटली आणि लगेच आमचं तळं वाढलं? छान जमलंय."

बाईचे कान तापले. "म्हणूनच मी मोजणार नाही. पाणी खात्याचा मोजणीदार बोलवा. मी टेपला हातसुद्धा लावणार नाही."

"बघू," मालक म्हणाला.

आठ दिवस झाले तरी त्याचं बघणं संपेना. नवव्या दिवशी बाईनं सही केलेलं पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. "उद्या हे मी स्वतः खात्यात नेऊन देणार आहे."

त्यानं वाचलं. "यात तुम्ही स्वतःचीच चूक लिहिलीय."

"चूक माझीच आहे."

त्यानं पत्र खाली ठेवलं आणि फोन उचलला.

मोजणीदार आला त्या दिवशी बाईला ऑफिसात बसवेना. वजनकाट्याभोवती तिनं इतक्या फेऱ्या मारल्या की काट्यावरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचंही वजन करू का?" संध्याकाळी आकडा आला. सव्वाचार हेक्टर. तिच्या अंदाजापेक्षाही जास्त. खात्यानं दरमहा सोडायचं पाणी वाढवलं आणि मागची तूट वर्षभरात भरून काढायला सांगितलं. तळ्याची मोजणी आता दर सहा महिन्यांनी बाहेरचा माणूस करणार होता. बाईची नोकरी टिकली. मालक मात्र कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

ती भावाकडे गेली तेव्हा तो वाळलेली कलमं उपटून कुंड्या रिकाम्या करत होता. निम्मी गेली होती. तिनं काहीही न लपवता सांगितलं.

"मागच्या वर्षीही म्हणालो होतो मी," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा हसली होतीस."

"हो दादा."

तो पुन्हा कुंडीत वाकला. चार महिन्यांत विहिरीचं पाणी दीड हात वर आलं. उरलेला अर्धा हात कशामुळे गेला, उन्हामुळे की आजूबाजूच्या पंपांमुळे, हे बाईला छातीठोक सांगता येईना, आणि ते तिला खात राहिलं. दादा तिच्या घरी अजून आला नव्हता. तीच दर रविवारी जाऊन विहिरीत दोर सोडायची.

"आता तरी आकडा बरोबर आहे ना?" एकदा त्यानं विचारलं.

"या महिन्याचा आहे."

रिकाम्या कुंड्यांची चळत त्यानं तिच्या हातात दिली, आणि दोघं नव्या रोपांच्या वाफ्याकडे निघाली.