बोटीची शिडी आणि देशमुखांचं मिनिट

सन २०२२. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. भोपाळच्या पिपलानीत सकाळी स्वेटर घालावा लागत होता आणि दुपारी काढावा लागत होता.

आमचा बाक क्वार्टरांमधल्या बागेत आहे. बसणारे तिघे, एकाच कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे किस्से भंगाराच्या ढिगासारखे साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण ढीग कमी होत नाही. त्यातले हे बोटीचे. मी सातवी शिकलेला माणूस. घडलं तसं लिहितो.

*

बोटीची कल्पना रशीदची. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोवा, एक दिवस कोची, परत मुंबई. रशीद जन्माचा भोपाळी. कारखान्यात क्रेन चालवायचा. बायको गेल्यापासून त्याला घरात बसवत नाही. तिसरे देशमुख. मूळचे नागपूरचे, हजेरी लिहिणाऱ्या टाइम ऑफिसात क्लार्क. भोंगा थांबला की गेट लावणारा माणूस.

बंदरावर उतरून फिरायचे दोन मार्ग होते. एक, बोटीची टूर घ्यायची. त्यांची बस, त्यांचा गाईड. दुसरा, आपली आपण गाडी करायची. देशमुखांनी बोटीचं माहितीपत्रक बाकावर आणलं. एका ओळीखाली लाल रेघ मारली होती, ती तीनदा वाचून दाखवली. टूरची बस उशिरा आली तर बोट थांबेल. स्वतः गेलेल्यांसाठी थांबणार नाही.

मी म्हणालो, "मी माणूस आहे, पार्सल नाही. माझा मी जाईन."

देशमुख म्हणाले की, नियम वाचून दाखवल्यावरही जो ऐकत नाही, त्याची जबाबदारी कुणी घेऊ नये.

रशीदनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि भोपाळी थाटात म्हणाला, "को खां, ये जहाज है के टाइम ऑफिस?"

*

देशमुखांचं माझ्यावर एक मिनिट होतं.

१९८६ सालची गोष्ट. सकाळी माझी मुलगी जन्मली. हॉस्पिटलातून सायकल मारत गेटवर आलो, तर भोंगा थांबलेला. त्या महिन्यातला माझा तिसरा उशीर. म्हणजे चार्जशीट, आणि त्या वर्षीची बढती गेली. देशमुख गेटला हात लावून उभे होते. त्यांनी मला लांबून पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढलं, सावकाश चावी दिली, पुन्हा बांधलं. तोवर मी आत आलो होतो. मग त्यांनी गेट लावलं.

उपकार मोठा. पण तो त्यांनी बारशात सांगितला, स्वतःच्या मुलाच्या मुंजीत सांगितला आणि माझ्या त्याच मुलीच्या लग्नात माइकवरून सांगितला. मी चहा पुढे केला की कप मागे सारायचे.

"कदम, मिनिट चहानं फिटत नाही."

छत्तीस वर्षं या माणसानं माझ्या हातचा चहा घेतला नाही. माझ्या बायकोच्या हातचा घ्यायचे. वर साखर मागायचे.

*

मी कारखान्यात खलाशी होतो. तेव्हा समुद्र पाहिलेलाही नव्हता. जड नगाला साखळ्या बांधायच्या आणि क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या, त्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. वर रशीद, खाली मी. खुणा पुष्कळ, पण एक सगळ्यांच्या वरची. दोन्ही हात आडवे पसरून हलवले की क्रेन जागच्या जागी थांबते. ही खूण कुणीही करावी. क्रेनवाल्यानं आधी थांबायचं, मग विचारायचं.

एकदा ती झाडूवाल्या बाईनं केली. रशीदनं एवढा मोठा नग हवेत थांबवला. खाली मांजरीची पिल्लं होती. बाईनं ती एकेक करून पदरात घेतली, तोवर जनरल मॅनेजर पाहुण्यांसकट ताटकळत उभे. पाहुण्यांनी विचारलं, इथे हुकूम कुणाचा चालतो? साहेबांनी बाईकडे बोट दाखवलं.

मी ती खूण अख्ख्या नोकरीत चार वेळा केली. एकदाही खोटी नाही.

मुंबईला बोटीवर क्रेननं सामान चढत होतं. एक जाळी तिरकी दिसली आणि माझे हात आपोआप उठले. रशीदनं ते धरून खाली केले. "छोड़ यार, रिटायर हो लिए."

*

गोव्यात देशमुख आणि वहिनी टूरच्या बसनं गेले. छातीवर चौदा नंबरचा स्टिकर, पुढे झेंडी धरलेली मुलगी. आम्ही, म्हणजे मी, माझी बायको आणि रशीद, टॅक्सी करून ऐटीत निघालो.

ड्रायव्हर गोड बोलणारा. चर्च बाहेरून दाखवलं, समुद्र गाडीतून दाखवला आणि काजूच्या दुकानात आत नेऊन बसवलं. दुकान त्याच्या मेव्हण्याचं होतं. आम्ही काजू चाखत असताना बाहेर बस थांबली. झेंडी आत आली. तिच्यामागून चौदा नंबर.

देशमुखांनी मला पाहिलं. मी देशमुखांना पाहिलं. रशीदनं त्यांच्यापुढे काजूची बशी धरली. "आओ बाबूजी, हाजिरी लगा लो."

*

त्या संध्याकाळी देशमुख जेवायला आले, तेव्हाही स्टिकर छातीवरच. मला राहवलं नाही.

"देशमुख, नंबर काढा आता. की झेंडीशिवाय ताटापर्यंत पोचता येत नाही?"

आजूबाजूची टेबलं हसली. देशमुखांनी स्टिकर काढला, घडी करून खिशात ठेवला. सकाळी कोचीला त्यांनी वहिनींना माझ्या बायकोबरोबर बसमध्ये बसवलं आणि स्वतः एकटे फेरीबोटीनं निघून गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांचे उशीर लिहिले मी. मला कसला उशीर होतो?"

*

बोट पाचला सुटणार होती. चारपर्यंत सगळ्यांनी परतायचं. माझा गुडघा धरला होता, म्हणून रशीद आणि मी तीनलाच आलो. बस साडेतीनला आली. चार वाजले, साडेचार वाजले. देशमुखांचं नाव भोंग्यावर दोनदा पुकारलं.

वहिनी कठड्याला धरून उभ्या होत्या. "भावजी, हे उशिरा येत नाहीत हो. काहीतरी झालं असेल."

 देशमुखांना टोमणा मारून बसमधून उतरवणारा मीच होतो.

पाचाला काही मिनिटं कमी असताना शिडी उचलायला सुरुवात झाली. शिडी ओढणारा विंच फिरला, शिडीचं टोक धक्क्यावरून सुटलं. तेवढ्यात गोदामाच्या कोपऱ्यावरून देशमुख दिसले. बूट हातात, पळत. शिडी वर चालली होती आणि अंतर पुष्कळ होतं.

मी दोन्ही हात आडवे पसरले आणि हलवले.

विंचवरचा माणूस मला ओळखत नव्हता. खूण ओळखत होता. विंच जागच्या जागी थांबला. तो वाकून शिडीखाली बघू लागला, दोराकडे बघू लागला. ऑफिसर धावत आला. क्या हुआ?

"नीचे आदमी है," मी म्हणालो.

त्यानं खाली पाहिलं. देशमुख शिडीखाली पोचून धापा टाकत होते.

शिडी खाली गेली. ऑफिसर मला सगळ्यांसमोर पुष्कळ बोलला. अख्ख्या नोकरीत मी कुठल्या साहेबाचं ऐकून घेतलं नव्हतं. ते ऐकून घेतलं. रशीद समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

देशमुख वर आले. फेरीला मोठी रांग होती म्हणे. लोक मधे घुसत होते, त्यांनाही पुढे ओढत होते. ते घुसले नाहीत. वहिनींनी त्यांच्या हातातले बूट घेतले.

मग देशमुखांनी घड्याळ पाहिलं. "किती थांबली?"

"एक मिनिट," मी म्हणालो.

आम्ही टेबलाशी जाऊन बसलो. मी चहा आणला आणि एक कप त्यांच्यापुढे सरकवला.

देशमुखांनी तो उचलला आणि ते चहा प्यायले.