गिअरबॉक्सचे ऑइल आणि अण्णांची भीती

माधवराव लाड, म्हणजे आमचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट एका अडलेल्या गिअरमुळे झाली. लग्न होऊन नाशिकहून बेंगळुरूला येऊन मला तीन वर्षे झाली होती. त्या सकाळी मारतहळ्ळीच्या पुलावर चढताना आमची जुनी गाडी काही केल्या दुसरा गिअर घेईना. मागे पाण्याचा टँकर, मागच्या सीटवर माझी दोन वर्षांची मुलगी, आणि गाडी मागे सरकू लागलेली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. शेजारणीने बनशंकरीतल्या एका गॅरेजचा पत्ता दिला आणि कशीबशी तिथवर पोहोचले.

"गिअरबॉक्समध्ये ऑइल कोणतं घातलंय, अक्का?" अण्णांनी पहिलाच प्रश्न केला.

"दुकानदारानं जाड दिलं. जुन्या गाडीला जाडच चांगलं, म्हणाला."

"दुकानदार राहू दे. गाडीचं पुस्तक काय म्हणतंय?"

पुस्तक मी कधी उघडलेच नव्हते. अण्णांनी ते डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढले, चष्मा पुसला आणि शेवटच्या पानांतला तक्ता बोट ठेवून वाचला. आमच्या गाडीला पातळ ऑइल हवे होते. इथल्या गार सकाळी ते जाड ऑइल घट्ट होऊन गिअर अडवत होते. ऑइल बदलले आणि दुसऱ्या दिवशी गिअर अलगद पडू लागला.

माझ्याजवळ मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि काम नव्हते. आठवड्याने परत जाऊन विचारले, "मला शिकवाल का?" "सरी, बरं," अण्णा म्हणाले, "पण माझ्याकडे भिणाऱ्या माणसालाच काम मिळतं."

अण्णांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बसवनगुडीतले. घरात मराठी, पण तिला कन्नडची फोडणी. सरकारी कारखान्याच्या वाहन विभागात बरीच वर्षे नोकरी करून त्यांनी गॅरेज काढले. मोठमोठी कामे त्यांनी लीलया केली, पण त्यांचा खरा जीव गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये. डब्यावरच्या जाडीच्या आकड्यावर थांबू नका, त्याच्या खालची ओळ वाचा, हे ते प्रत्येकाला सांगत. जीएल-४ आणि जीएल-५ या दोन्ही ऑइलांची जाडी एकच असू शकते. पण पाच नंबरचे ऑइल मागच्या अ‍ॅक्सलच्या दातांसाठी असते. गिअर बदलताना आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा त्यात निसटतात, आणि कालांतराने त्यातली रसायने पितळ खाऊन टाकतात. ही दोन ऑइले अण्णा वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवत.

एवढे ऐकूनही माझ्या हातून चूक झालीच.

मंजुनाथ नावाच्या चालकाची व्हॅन होती. बनशंकरीतल्या एका कुटुंबाला घेऊन तो पहाटे धर्मस्थळाला निघणार होता. अकरा माणसे, त्यांत दोन लहान मुले आणि एक म्हाताऱ्या आजी. आदल्या संध्याकाळी मी व्हॅनच्या गिअरबॉक्सचे आणि अ‍ॅक्सलचे ऑइल बदलले. सकाळी दहाला फळ्या आवरताना पाहिले, तर चार नंबरचा डबा सीलबंद, आणि पाच नंबरचे दोन रिकामे. दोन्हीकडे मी अ‍ॅक्सलचेच ऑइल ओतले होते.

मंजुनाथच्या व्हॅनच्या रिंगा आधीच झिजलेल्या होत्या, आणि वाटेत चार्माडीचा घाट होता. क्षणभर वाटले, काही होणार नाही, बोलूच नये. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मग अण्णांपुढे जाऊन सांगितले.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते रागावले नाहीत. "पितळ एका दिवसात खाल्लं जात नाही," ते हळू बोलले, "पण घाट उतरताना त्यानं दुसरा टाकायला घेतला आणि गिअर बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये. सगळा भार ब्रेकवर." त्यांनी मंजुनाथला फोन लावला. तो गाडी चालवताना फोन घेत नसे, एरवी हा त्याचा गुण. कुटुंबातल्या ज्यांचा नंबर होता त्यांचा फोन लागेना. मग अण्णांनी घाटाच्या अलीकडे, मुडिगेरेला, इब्राहिमभाई नावाच्या जुन्या मेकॅनिक मित्राला फोन केला. "भाई, हातातलं काम टाका आणि रस्त्यावर उभे राहा. पांढरी व्हॅन, टपावर निळी ताडपत्री. तिला पुढे जाऊ देऊ नका."

त्यानंतर वाट पाहण्यावाचून काही उरले नाही. व्हॅन आधीच निघून गेली असली तर? आदल्या दिवशी घरच्यांसोबत गॅरेजवर आलेल्या त्या आजींना मीच खुर्ची दिली होती. मी रडू लागले तेव्हा अण्णा माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि जे त्यांनी गॅरेजमध्ये कुणालाच सांगितले नव्हते ते बोलले.

"कारखान्यात होतो तेव्हा पिंपात जे ऑइल होतं ते मी बसच्या गिअरबॉक्समध्ये भरलं. उतारावर गिअर अडकला. सिद्दप्पा ड्रायव्हरनं बस मातीच्या बांधावर घातली, माणसं वाचली. त्याचा पाय गेला. सगळे ब्रेकला दोष देत राहिले, आणि मी दोन वर्षं गप्प बसलो. शेवटी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तू अर्ध्या तासात सांगितलंस, अक्का."

पावणेबाराला फोन वाजला. तो मीच उचलला. इब्राहिमभाई धापा टाकत होते. "मिल गई! ड्रायवर बोलता है, हासनसे सेकंड में आवाज आ रही थी." त्यांनी तिथेच ऑइल काढून योग्य ते भरले, आणि दुपारी व्हॅन सुखरूप घाट उतरली.

ते कुटुंब परत आल्यावर अण्णा मला घेऊन त्यांच्या घरी गेले. "चूक माझ्या गॅरेजची," एवढेच म्हणाले, माझ्याकडे बोट दाखवले नाही. दुसऱ्या सकाळी एक गाडी गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी आली. मी मागे सरकले. "तूच भरायचं," अण्णा म्हणाले, आणि माझे काम होईपर्यंत शेजारून हलले नाहीत.

यंदा अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. गेल्या महिन्यात त्यांनी मला आत बोलावून दार लोटले. "आज डब्यावरचं दिसलं नाही मला. अंदाजानं ओतणार होतो." डॉक्टरांनी डोळ्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे; नजर किती परत येईल याची खात्री कुणी देत नाही. तेव्हापासून त्यांनी स्वतःहून ऑइल भरणे सोडले आहे. मला या दिवसांत झोप नीट लागत नाही.

हा ग्रंथ निघेल तोवर अण्णांच्या डोळ्यावरची पट्टी सुटलेली असेल. हा लेख त्यांना कुणाला वाचून दाखवावा लागू नये. तो त्यांनी स्वतः वाचावा, त्यातल्या माझ्या चुका दाखवाव्यात, आणि असे दाखवायला त्यांना धडधाकट शरीराची आणखी पुष्कळ वर्षे मिळावीत, हीच माझी प्रार्थना.